टाकाऊ चादर, टिकाऊ नफा

शस्त्रक्रियेच्या टेबलावर रुग्णाच्या अंगावर घालावयाच्या चादरीसाठी पक्षाच्या साप्ताहिकाने आपले रकाने खर्ची घालावेत काय, असा प्रश्न काही कार्यकर्त्यांना पडेल. ती चादर मूत्ररोग विभागातील, आणि तीही शिश्नात कृत्रिम रोपण बसविण्याच्या शस्त्रक्रियेतील आहे असे कळल्यावर प्रश्नाबरोबर ओठांवर हसूही येईल. असले उपचार ही धनिकांची चैन, श्रमिकांच्या पक्षाने तिची चिंता कशाला वाहावी, असा त्या हसण्याचा अर्थ असतो. हा अर्थ चुकीचा तर आहेच, शिवाय तो समाजवाद्याला न शोभणारा आहे.

ह्यूस्टन येथील ब्रँटली स्कॉट यांनी १९७३ साली द्रव भरून फुगविता येणारे शिश्नरोपण वैद्यकजगतापुढे मांडले. मूत्रमार्गाभोवती बसवावयाची कृत्रिम झडपही त्याच सुमारास त्यांच्याच खटपटीतून साकार झाली. ही साधने लागतात कोणाला? पराचीवरून पडून ज्याच्या पाठीचा कणा मोडला त्या बांधकाम मजुराला लागतात. मधुमेहाने ज्याच्या नसा आणि रक्तवाहिन्या निकामी केल्या त्या एस.टी.च्या कंडक्टरला लागतात. कर्करोगासाठी प्रोस्टेट काढून टाकल्यानंतर ज्याला लघवी आवरेनाशी झाली, त्या यंत्रमागावरच्या कामगाराला लागतात. बंगल्यात राहणाऱ्या माणसाची लघवी अनावर झाली तर ती गैरसोय असते. चाळीतल्या एका खोलीत पाच माणसांबरोबर राहणाऱ्या, सार्वजनिक नळावर कपडे धुणाऱ्या आणि आठ तास उभ्याने काम करणाऱ्या माणसाची झाली, तर ती नोकरी जाण्याची आणि चारचौघांतून उठण्याची वेळ असते. वैवाहिक सुखाचेही तेच. ते सुख केवळ सुखवस्तूंनीच मागावे, असा दंडक कोणत्या समाजवादी ग्रंथात सांगितला आहे?

आता जंतुसंसर्गाकडे वळावयास हवे, कारण चादरीचा संबंध तेथे येतो. साध्या जखमेत पू झाला तर ती उघडून, धुऊन, प्रतिजैविके देऊन बहुधा बरी करता येते. शरीरात बसविलेल्या परक्या वस्तूचे तसे नसते. त्वचेवर एरवी निरुपद्रवीपणे राहणारे जिवाणू त्या वस्तूला चिकटतात, स्वतःभोवती चिकट पापुद्रा विणतात, आणि त्या पापुद्र्याच्या आत औषध पुरेसे पोचत नाही. मग रोपण काढून टाकावे लागते. काढलेल्या जागी ऊतींचे व्रण होऊन त्या आकसतात, दुसरे रोपण बसविणे अधिक कठीण होते आणि दुसऱ्या वेळी संसर्गाचा धोकाही पहिल्याहून अधिक असतो. आयात केलेल्या फुगणाऱ्या रोपणाची किंमत लाखांत जाते. मुंबईचे डॉ. रूपिन शहा यांनी विकसित केलेले वाकविता येणारे देशी रोपण त्या मानाने फारच स्वस्त आहे. पण कर्ज काढून जो एकदाच हे धाडस करतो, त्याच्या दृष्टीने स्वस्तातले रोपण गमावणे हेही आयुष्यभराचे नुकसान होय. श्रीमंत दुसरे विकत घेतो. गरिबाच्या आयुष्यात दुसरे नसते. तेव्हा या शस्त्रक्रियेत पहिल्याच खेपेस जंतूंना आत येऊ न देणे, ही गोष्ट गरिबाला श्रीमंताहून अधिक निकडीची आहे.

येथे कापडाचा इतिहास थोडा सांगितला पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्या शल्यविशारदांनी धुतलेल्या, वाफेत निर्जंतुक केलेल्या सुती चादरीवर विश्वास ठेवला. १९५२ साली अमेरिकेतील बेक आणि कॉलेट या दोघांनी हा विश्वास खोटा असल्याचे एका छोट्या निबंधात दाखवून दिले. कोरडे सुती कापड काही प्रमाणात अडसर होते. रक्ताने वा पाण्याने ते भिजले की दिव्याच्या वातीसारखे काम करू लागते, आणि खालच्या त्वचेवरील जिवाणू ओलाव्याबरोबर वर येतात. दोन धाग्यांमधील भोके जिवाणूच्या आकाराच्या कितीतरी पट मोठी असतात; धुण्यागणिक ती आणखी सैल होतात. मूत्ररोगाच्या शस्त्रक्रियेत तर धुण्याच्या द्रावणाचा सतत वापर होतो. म्हणजे जेथे चादर हमखास भिजणार, तेथेच ती निरुपयोगी ठरणार.

तेव्हा जुन्या सुती चादरीचे गोडवे गाणाऱ्यांची बाजू येथे घेतलेली नाही, हे स्पष्ट असावे. काही सज्जन मंडळी खादीच्या ममतेने, काही सरकारी अधिकारी काटकसरीच्या नावाने असे म्हणतात की, आजवर याच चादरींवर लाखो शस्त्रक्रिया झाल्या, गरिबांसाठी एवढे पुरे. ‘गरिबांसाठी एवढे पुरे’ या तीन शब्दांत आपल्या सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेचे सारे तत्त्वज्ञान सामावलेले आहे. विरलेली, ठिगळ लावलेली, हिरवा रंग उडालेली चादर रोपणाच्या शस्त्रक्रियेत वापरणे हा रुग्णावरील अन्याय आहे. तेथे न भिजणारे आवरण हवे, आणि ते सरकारी रुग्णालयात रुग्णाकडून एक पैसाही न घेता मिळाले पाहिजे.

परंतु येथपर्यंतचा युक्तिवाद ऐकून बाजार पुढे येतो आणि म्हणतो, हेच तर आम्ही सांगत होतो. हे घ्या आमचे पाकीट. पॉलिप्रॉपिलीनच्या तंतूंचे न विणलेले तीन थर एकावर एक दाबून केलेले, वायूने वा गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेले, एकदा वापरून फेकून द्यावयाचे आवरण. वस्तू वाईट नाही. पाणी अडविते, हलके असते, धुण्याची यातायात नसते. वाईट आहे ती तिच्याभोवती रचलेली समजूत, की निर्जंतुकता या पाकिटात असते, आणि पाकीट जितके महाग तितकी ती अधिक.

या समजुतीला आधार किती? जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेतील जंतुसंसर्ग टाळण्यासाठी २०१६ साली जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत न विणलेल्या टाकाऊ चादरी किंवा विणलेल्या, पुन्हा वापरता येणाऱ्या निर्जंतुक चादरी, यांपैकी कोणत्याही वापराव्यात असे सांगितले आहे. जी पारदर्शक प्लॅस्टिकची चादर गोंदाने त्वचेला चिकटवून तिच्यावरूनच छेद घेतात, आणि जिचे मोल बिलात ठळकपणे लागते, ती संसर्ग टाळण्याच्या हेतूने वापरू नये, असेही त्याच तत्त्वांत म्हटले आहे. त्यापूर्वी २००७ साली कॉक्रेन या संस्थेने उपलब्ध चाचण्यांचा जो आढावा घेतला, त्यात औषध नसलेली अशी चिकट चादर लावलेल्या रुग्णांत संसर्गाचे प्रमाण कमी होण्याऐवजी किंचित अधिकच दिसून आले. महाग ते सुरक्षित, या व्यापारी सूत्राला याहून चोख उत्तर कोणते?

मग रोपणाचा संसर्ग खरोखर कशाने घटला, ते पाहिले पाहिजे. न्यूयॉर्क येथील शल्यविशारद फ्रान्स्वा ईड यांनी आपल्या रुग्णांचा हिशेब २०१२ साली प्रसिद्ध केला. २००२ साली साधे रोपण आणि नेहमीची पद्धत असताना संसर्गाचे प्रमाण ५.३ टक्के होते. २००३ ते २००५ या काळात संसर्गरोधक लेप दिलेली रोपणे आल्यावर ते २ टक्क्यांवर आले. २००६ ते २०१० या काळात त्यांनी स्पर्शवर्ज्य म्हणता येईल अशी पद्धत अंगीकारली आणि १,५११ रोपणांपैकी ७ रोपणांतच संसर्ग झाला. म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी. ही पद्धत काय आहे? त्वचेला छेद घेतला की त्या कामासाठी वापरलेली सर्व हत्यारे बाजूला टाकावयाची, हातमोजे बदलावयाचे, आणि पहिल्या चादरीवर दुसरी एक सैलसर, न भिजणारी चादर पसरून सर्व त्वचा झाकून टाकावयाची. तिला मध्यभागी लहानसे भोक पाडून जखमेच्या कडांशी ती अडकवावयाची. यापुढे हात, हत्यार वा रोपण, कोणाचाही त्वचेशी स्पर्श म्हणून होता कामा नये. शत्रू बाहेरून येत नाही, तो रुग्णाच्याच त्वचेवर बसलेला असतो आणि कितीही औषधाने पुसले तरी काही अंशी उरतो, या साध्या ज्ञानावर ही पद्धत उभी आहे. हा एकाच शल्यविशारदाचा हिशेब आहे आणि काळ सरकला तसा त्याचा हातही बसला असणार, हे मान्य. तरीही कारणपरंपरा पटण्याजोगी आहे.

याच विचाराला मोठ्या पायावरील चाचणीने दुजोरा दिला. भारतासह ७ देशांतील ८१ रुग्णालयांमध्ये पोटाच्या शस्त्रक्रिया झालेल्या १३,३०१ रुग्णांवर एक प्रयोग झाला व तो २०२२ साली प्रसिद्ध झाला. काही रुग्णालयांत जखम शिवण्यापूर्वी हातमोजे आणि हत्यारे बदलण्याचा नियम केला, इतरांत नेहमीप्रमाणे चालू दिले. नियम नसलेल्या ठिकाणी संसर्ग १८.९ टक्के, नियम असलेल्या ठिकाणी १६ टक्के. पोट म्हणजे शिश्न नव्हे, हे खरे. पण ते सात देश भारत, घाना, नायजेरिया, रवांडा अशा जातीचे होते, आणि तेथील गर्दीच्या रुग्णालयांत हे जमले.

या दोन्ही उदाहरणांत चादर आहे, मोजे आहेत, हत्यारे आहेत. तरीही संसर्ग घटला तो एका शिस्तीने: कोणती गोष्ट केव्हा टाकावयाची, केव्हा बदलावयाची, कोणी कशाला हात लावावयाचा नाही. ही शिस्त पाकिटात भरता येत नाही आणि तिच्यावर छापील किंमतही टाकता येत नाही. तिला प्रशिक्षित परिचारिका लागते, पुरेसे हात लागतात, एका शस्त्रक्रियेला लागणारा वेळ लागतो. थोडक्यात, निर्जंतुकता हे श्रमाचे फळ आहे. भांडवलशाही तिला वस्तूचा गुण म्हणून विकते, आणि ज्यांनी ते श्रम केले त्यांना हिशेबातून पुसून टाकते.

ते श्रम कोण करतो, हे शस्त्रक्रियागृहाच्या मागच्या दाराने गेल्यास दिसते. रक्ताने माखलेली चादर मोजून घ्यावयाची, भिजत घालावयाची, गरम पाण्यात धुवावयाची, वाळल्यावर उजेडासमोर धरून भोक पडले आहे काय ते पाहावयाचे, ठरलेल्या घडीत दुमडावयाची, दुहेरी कापडात बांधावयाची वा ड्रममध्ये भरावयाची, आणि ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सियसला, इंचाला पंधरा पौंड दाबाखाली, ठरलेला वेळ ठेवावयाची. त्यातून ती कोरडी बाहेर आली पाहिजे. दमट आली तर सारी मेहनत वाया, कारण दमट गठ्ठ्याला निर्जंतुक मानता येत नाही. मध्येच वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून. हे काम करणारा चतुर्थ श्रेणीचा कर्मचारी पूर्वी कायम सेवेत असे, त्याला चादरीची पारख असे. भोक असलेली चादर तो डॉक्टरलासुद्धा परत करी. आज ठिकठिकाणी धुलाई ठेकेदाराकडे गेली आहे आणि ठेकेदाराची माणसे कंत्राटी आहेत. वजनावर पैसे मिळणारा ठेकेदार भोके कशाला पाहील? म्हणजे आधी कामगार काढावयाचा, मग त्यामुळे चादर बिघडली की चादरीला दोष द्यावयाचा, आणि शेवटी उपाय म्हणून पाकीट विकत घ्यावयाचे. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला कार्यक्षमता म्हणतात.

वस्तुतः तिसरा मार्ग मोकळा आहे. घट्ट विणीचे, पाणी न शोषणारे, कृत्रिम धाग्यांचे पुन्हा वापरता येणारे कापड आता तयार होते. अशी चादर सुमारे ७५ धुण्या टिकते असे तिचे उत्पादक सांगतात. अमेरिकेत २०२० साली शस्त्रक्रियेच्या झग्यांविषयी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात टाकाऊ झग्याऐवजी धुऊन वापरण्याचा झगा घेतल्यास ऊर्जेचा खर्च सुमारे दोन-तृतीयांशाने घटतो असे आढळले. इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव येथील मागांना काम नाही अशी ओरड सदैव चालू असते. २०२० च्या साथीत काही महिन्यांतच या देशातील कारखाने दररोज लाखो संरक्षक पोशाख शिवू लागले होते. तेव्हा सरकारने मागणी हमखास ठेवली, दर्जा ठरवून दिला, आणि माल तयार झाला. सरकारी रुग्णालयांच्या चादरीसाठी ते का होऊ नये?

स्वस्त आणि सुरक्षित यांचे वैर नाही, हे महाराष्ट्रानेच जगाला दाखवून दिले आहे. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी हर्नियाच्या शस्त्रक्रियेत महागड्या जाळीऐवजी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून वापरले आणि अनेक केंद्रांवरील अनुभव २००३ साली प्रसिद्ध केला. पुढे युगांडात तशाच मच्छरदाणीच्या जाळीची व्यापारी जाळीशी रीतसर तुलना झाली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन्हींत म्हणण्याजोगा फरक निघाला नाही. हर्नियाची जाळी हेही शरीरात राहणारे रोपणच. मच्छरदाणी चालली ती निर्जंतुकीकरण काटेकोर होते म्हणून. किंमत कमी होती म्हणून कोणी शिस्त कमी केली नाही.

आता बिलाकडे. केनेथ ॲरो यांनी १९६३ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखविले की, वैद्यकसेवेचा बाजार हा इतर बाजारांसारखा नसतो, कारण विकणाऱ्याला जे माहीत असते ते घेणाऱ्याला माहीत नसते. चादरीच्या बाबतीत तर घेणारा बेशुद्धच असतो. त्याच्यासाठी निवड रुग्णालय करते, पैसे तो देतो, आणि वस्तू वापरली गेली की नाही हे त्याला कधीच कळत नाही. २०१७ साली गुडगाव येथील एका खासगी रुग्णालयात डेंग्यूने दगावलेल्या मुलीच्या पालकांना सुमारे १६ लाखांचे बिल देण्यात आले, आणि त्यात २,७०० हातमोजे लावले असल्याची बातमी देशभर गाजली. त्यानंतर राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने दिल्ली परिसरातील खासगी रुग्णालयांची बिले तपासली. फेब्रुवारी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात औषधे आणि वापरून टाकावयाच्या वस्तूंवरील नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत गेल्याचे नमूद आहे. घाऊक खरेदी करणारी रुग्णालये उत्पादकांना छापील किंमत फुगवावयास लावतात, हेही प्राधिकरणाने सांगितले. रुग्णालयाला स्वस्त वस्तू नको असते. छापील किंमत जितकी मोठी तितका त्याचा वाटा मोठा.

सरकारने काय केले? २०१७ साली हृदयातील स्टेंट आणि गुडघ्याचे सांधे यांच्या किमतीवर मर्यादा घातली. त्याचे स्वागत समाजवाद्यांनी तेव्हाही केले. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय साधने औषधाच्या व्याख्येत आणली. पण ज्या साधनांची किंमत ठरवून दिलेली नाही, त्यांच्याबाबत नियम एवढाच की छापील किंमत वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवू नये. पहिली किंमत किती छापावी यावर बंधन नाही! चोराने घरफोडी एकदा मनसोक्त करावी, पुढे मात्र दरवर्षी दहा टक्क्यांनीच वाढवावी, असा हा न्याय झाला. डॉ. राममनोहर लोहिया यांनी ‘दाम बांधो’ची हाक देताना कारखान्यातील मालाची किंमत उत्पादनखर्चाच्या दीडपटीवर जाऊ नये अशी मागणी केली होती. तिला जुनाट म्हणून हसणाऱ्यांनी १,७३७ हा आकडा एकदा शेजारी लिहून पाहावा.

शस्त्रक्रिया संपते, पण चादर संपत नाही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार रक्ताळलेली चादर पिवळ्या पिशवीत जाते आणि पिशवी भट्टीत. मुंबईच्या रुग्णालयांचा असा कचरा वर्षानुवर्षे गोवंडीच्या वस्तीजवळ जाळला जात आला. शेवटी रहिवाशांनी न्यायालय गाठले आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ साली ती भट्टी अन्यत्र हलविण्यास सांगितले. मलबार हिलच्या शेजारी अशी भट्टी बांधण्याची सूचना अद्याप कोणी केलेली ऐकिवात नाही. टाकाऊ वस्तू स्वस्त पडते असा जो हिशेब मांडला जातो, त्यात गोवंडीतल्या मुलांच्या फुप्फुसांचा रकाना नसतो.

सरकारी रुग्णालयात तर रुग्णाला दोन्हीकडून मार बसतो. कापडी चादर विरलेली आणि पाकीट शिल्लक नाही. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली औषधे व साधने यांची खरेदी हाफकिनकडे सोपविली. ओरड थांबेना तेव्हा २०२३ साली त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण निर्माण केले. पाट्या बदलल्या, पण नातेवाइकाच्या हाती देण्याची ती चिठ्ठी गेली नाही. ‘हे बाहेरून घेऊन या.’ समोरच्या औषधदुकानात जाऊन, छापील किमतीला, तो ते घेऊन येतो. पैसे नसतील तर शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यावर जाते.

पक्षाच्या अनेक कार्यकर्त्यांना रुग्ण कल्याण समित्यांवर काम करण्याची संधी मिळते, आणि ती बहुधा पंखे व बाके यांच्या चर्चेत संपते. पुढच्या बैठकीत त्यांनी वेगळे प्रश्न विचारावेत. रुग्णालयातील ऑटोक्लेव्ह किती, आणि त्यांतले आज चालू किती? त्यांची बीजाणूंच्या पट्टीने चाचणी अखेरची कोणत्या तारखेस झाली, आणि त्याची नोंदवही कोठे आहे? धुलाईच्या ठेक्यात फाटकी चादर परत करण्याची अट आहे काय? रोपणाच्या शस्त्रक्रियेत दुसरी चादर आणि मोज्यांचा दुसरा जोड देतात काय? आणि गेल्या महिन्यात किती नातेवाइकांना चिठ्ठी देऊन बाहेर पाठविले? पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे कागदपत्रांत मिळतील. पाचव्यासाठी समोरच्या औषधदुकानाबाहेर सकाळी तासभर उभे राहावे लागेल.